हसण्यावारी नेलेले शब्द

(जिल्ह्यातल्या कार्यकर्त्या आणि समुपदेशक यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे लिखित रूप)

या सत्रासाठी मला विषय दिला आहे 'टीव्हीवरचा विनोद आणि त्याची भाषा'. कार्यक्रमपत्रिका हातात पडल्यावर एका सहकारी बाईंनी मला विचारलं, "मारहाण, पोटगी, हुंडा हे सगळं सोडून तू आता विनोदावर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे वेळ कमी, माणसं कमी, आणि कामाचा ढीग मोठा. पण मी कुटुंब सल्ला केंद्रात नऊ वर्षं काम करते आहे. तिथे आलेली बाई "पहिल्यांदा हात उचलला तेव्हा..." असं सांगू लागली की मी तिला थोडं मागे नेते. त्याच्या आधी काय होत होतं, असं विचारते. बहुतेक वेळा त्याच्या आधी शब्द असतात. नावं ठेवणं असतं, चारचौघांत टर उडवणं असतं, आणि त्यावर घरातल्यांचं हसणं असतं. त्या शब्दांचा आणि आपण रोज रात्री जेवताना जे बघतो त्याचा काही संबंध आहे का, एवढंच मला आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

बीप कुठे वाजते?

तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवरची 'बीप' ऐकली असेल. पात्राने शिवी दिली की त्या जागी शिट्टीसारखा आवाज येतो, कधी ओठही पुसट करतात. म्हणजे कुणीतरी बसून ठरवतं की हा शब्द लोकांच्या कानावर पडू द्यायचा नाही. आता आठवून बघा, बीप कोणत्या शब्दावर वाजते? शरीराच्या अवयवांच्या नावावर, लैंगिक क्रियेच्या उल्लेखावर, आईबहिणीवरच्या शिवीवर. आणि कोणत्या शब्दांवर वाजत नाही? 'म्हैस', 'काळी', 'घोडनवरी', 'वांझ', 'बायल्या', 'तोतऱ्या', 'आंधळ्या'. यांच्यावर बीप वाजत नाही. यांच्यावर मागून हशा वाजतो, आणि तो पुष्कळदा ध्वनिमुद्रित असतो. म्हणजे तुम्ही हसला नाहीत तरी टीव्ही तुमच्या वतीने हसून घेतो.

आक्षेपार्ह भाषा दोन प्रकारची असते. एक 'घाण' भाषा, जिला आपण अश्लील म्हणतो. दुसरी अपमानाची भाषा, जी माणसाला त्याच्या देहावरून, जातीवरून, रंगावरून, व्यंगावरून किंवा बाईपणावरून खाली ढकलते. आपल्या समाजाने पहिलीवर पहारा बसवला आणि दुसरीला घरात पाट मांडून बसवलं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर जो बदल होतो आहे तो नेमका याच ठिकाणी. पहिल्या भाषेबद्दल लोक हळूहळू सैल होत आहेत आणि दुसरीबद्दल कडक. हा बदल कसा झाला ते बघण्यासाठी मी तुम्हाला थोडं इंग्लंडला नेणार आहे. पण वाट आपल्या नाशिक जिल्ह्यातून जाते.

देवळालीहून लंडनला

इंग्रजांच्या काळात देवळालीला लष्कराची मोठी छावणी होती. मायदेशी परतणारे गोरे सैनिक तिथे बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून असायचे. उन्हाने, तापाने, कंटाळ्याने त्यांची डोकी फिरायची, असं म्हणत. त्यावरून इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्दच तयार झाला. डूलॅली म्हणजे वेडा. आपल्या एका गावाचं नाव परक्या भाषेत वेडाला पर्याय होऊन बसलं.

याच देवळालीच्या छावणीवर बीबीसीने १९७४ साली एक विनोदी मालिका सुरू केली, 'इट एन्ट हाफ हॉट मम'. ती १९८१ पर्यंत चालली. सैनिकांची करमणूक करणारी नाटक मंडळी हा तिचा विषय. त्यात रंगी राम नावाचा हिंदी नोकर होता. तो रंगवला मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, चेहऱ्याला सावळा रंग फासून. बाईची सोंगं घेणाऱ्या, हळुवार वागणाऱ्या सैनिकांना त्यातला सार्जंट सतत समलैंगिकांसाठीची शिवी हासडायचा आणि तीच त्याची ठरलेली हशाची जागा. त्या काळी कोट्यवधी लोकांनी ती घरात बसून आवडीने पाहिली. पुढे बीबीसी जुन्या मालिका पुन्हा दाखवायची तेव्हा ही मात्र बाजूला ठेवली जाऊ लागली. मालिकेतला एक शब्दही बदललेला नव्हता. बदलले होते बघणारे. रंगी रामासारख्या दिसणाऱ्या माणसांची मुलं आता इंग्लंडच्या शाळांत शिकत होती, आणि घरी येऊन सांगत होती की मैदानावर आम्हाला टीव्हीतल्या नावांनी चिडवतात.

त्याच सुमाराला, १९७७ साली, तिकडच्या व्यावसायिक वाहिनीवर 'माइंड युअर लँग्वेज' आली. इंग्रजी शिकायला आलेले परदेशी लोक आणि त्यांच्या चुका, एवढाच विषय. प्रत्येक देशाचा माणूस एकाच ठोकळ्यातून काढलेला. पात्रं ठोकळेबाज आहेत, अपमानकारक आहेत, असा आक्षेप तिच्यावर झाला. आपल्याकडे १९९३ मध्ये तिच्यावरून 'जबान संभाल के' ही हिंदी मालिका निघाली आणि पंकज कपूर तिच्यात हिंदीचे मास्तर झाले. आपण ती मजेत पाहिली. जो ठोकळा लंडनमध्ये आपल्या माणसाच्या डोक्यावर बसला म्हणून आपल्याला राग यायला हवा होता, तोच ठोकळा आपण घरी आणून वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांच्या डोक्यावर बसवला.

आक्षेप घेणारे लोक तिथे आधीपासून होते. मेरी व्हाइटहाउस या शिक्षिकेने १९६४ मध्येच 'स्वच्छ टीव्ही'ची मोहीम काढली होती. पण त्या बाईंचं लक्ष होतं शिव्या, लैंगिक उल्लेख आणि धर्माची टिंगल यांच्यावर, म्हणजे घाण भाषेवर. १९६०च्या दशकात 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेत आल्फ गार्नेट नावाचा एक वर्णद्वेष्टा, बायकोला रोज घालूनपाडून बोलणारा म्हातारा होता. लेखक जॉनी स्पाइट यांचं म्हणणं होतं की लोकांनी या माणसाला हसावं, त्याचा मूर्खपणा बघावा. पण प्रेक्षकांतले पुष्कळ जण आल्फला हसण्याऐवजी आल्फबरोबर हसू लागले. "बघा, आमच्या मनातलं बोलतो!" हा अनुभव आपण लक्षात ठेवायला हवा. लेखकाचा हेतू चांगला असला म्हणून शब्द घराघरांत चांगलं काम करतीलच असं नाही.

मग बदल कुठून आला? ज्यांना हसलं जात होतं ते बोलू लागले, तिथून. काळ्या आणि आशियाई लोकांच्या संघटना, समलैंगिकांच्या चळवळी, अपंगांच्या चळवळी, आणि अर्थात बायका. १९९८ मध्ये बीबीसीच्या टीव्हीवर मीरा स्याल आणि तिच्या सहकाऱ्यांचा 'गुडनेस ग्रेशस मी' हा कार्यक्रम आला. त्यातला एक प्रवेश फार गाजला. मुंबईतली हिंदी माणसं रात्री 'इंग्लिश जेवायला' जातात आणि वेटरशी तशीच उर्मट वागतात, जसे गोरे लोक इंग्लंडमधल्या हिंदी हॉटेलात वागतात. सगळा देश हसला. पण या वेळी हसण्याची दिशा उलटी होती.

तिथे ऑफकॉम नावाची प्रसारणावर देखरेख करणारी संस्था आहे. कोणता शब्द लोकांना किती खुपतो, याचा ती दर काही वर्षांनी अभ्यास करते. २०२१ च्या अहवालात स्पष्ट निघालं की नुसत्या शिव्यांबद्दल लोक पूर्वीपेक्षा निवांत झाले आहेत. वंश, अपंगत्व, लैंगिक ओळख यांवरून हिणवणारे शब्द मात्र त्यांना जास्त खुपू लागले आहेत. मेरी व्हाइटहाउस बाईंची यादी आता जवळजवळ उलटी झाली आहे.

आपल्या पडद्यावर

आता घरी परत येऊ. १९९४ मध्ये आपल्या केबल टीव्हीसाठी जे नियम झाले त्यांतल्या सहाव्या नियमात कार्यक्रम कसे असू नयेत याची यादी आहे. सुरुचीला बाधा आणणारे नसावेत, अश्लील नसावेत, हे तर आहेच. पण त्यात असंही लिहिलेलं आहे की स्त्रियांची अप्रतिष्ठा करणारे नसावेत आणि वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक गटांना तुच्छतेने दाखवणारे नसावेत. म्हणजे अपमानाची भाषा आपल्या नियमांत पहिल्यापासून निषिद्ध आहे. नियम कागदावर राहिला आणि बीप फक्त घाण शब्दांना मिळाली.

'कॉमेडी नाइट्स विथ कपिल' हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि देशभर लोकप्रिय झाला. त्याचं कसब नाकारण्याचं कारण नाही. पण त्याचं घर कसं मांडलेलं होतं ते आठवा. आत्या हास्यास्पद, कारण तिचं लग्न झालेलं नाही. एक मुलगी हास्यास्पद, कारण ती जाडी आहे आणि तिचं काम पुरुष करतो आहे. बायको हास्यास्पद, कारण तिचं तोंड असं आणि तिने हुंडा काही आणला नाही. यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर लोक म्हणतील, "एवढं काय त्यात?" पण सगळी मिळून एक घर होतं आणि त्या घरात एकही बाई हसण्याच्या बाहेर नाही. २०१६ मध्ये याच कलाकारांच्या नव्या कार्यक्रमात परिचारिकेचं पात्र ज्या पद्धतीने दाखवलं त्याविरुद्ध अमृतसरला परिचारिका रस्त्यावर उतरल्या. मला ती बातमी महत्त्वाची वाटते. रात्रपाळी करून घरी जाणाऱ्या बाईला पुढचा विनोद रिक्षावाल्याकडून ऐकावा लागतो, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी 'कॉमेडी नाइट्स बचाओ' या कार्यक्रमात आपल्या 'पार्च्ड' या चित्रपटाच्या प्रचारासाठी गेली. तिथे विनोद कशावर, तर तिच्या सावळ्या रंगावर. लहानपणापासून जांभळं फार खाल्ली असतील, इत्यादी. ती उठून निघून आली आणि तिने जाहीरपणे लिहिलं. उंच जात म्हणजे गोरी कातडी आणि खालची जात म्हणजे काळी कातडी, हे समीकरण या हसण्याच्या तळाशी आहे, असंही तिने लिहिलं. वाहिनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. "हा तर टर उडवण्याचाच कार्यक्रम आहे, माहीत असून आलात कशाला?" असंही तिला विचारलं गेलं. मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? "माहीत होतं तर त्या रस्त्याने गेलीस कशाला?"

आता त्याच वर्षाची दुसरी गोष्ट. जानेवारी २०१६ मध्ये किकू शारदा या विनोदी नटाला हरियाणातल्या पोलिसांनी अटक केली. त्याचा गुन्हा काय? टीव्हीवर त्याने डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमची नक्कल केली, अनुयायांच्या भावना दुखावल्या. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, त्या बाबाला दोन शिष्यांवरच्या बलात्कारांसाठी दोषी ठरवून वीस वर्षांची शिक्षा झाली. याच नटाने जाड मुलीचं सोंग घेऊन वर्षानुवर्षं मुलींच्या देहावर हशे घेतले तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्याचं पोलिसांना कळलं नाही. एका शक्तिमान माणसाची नक्कल केल्याबरोबर मात्र पोलीस दारात. कुणाचा अपमान हा अपमान असतो आणि कुणाचा अपमान ही गंमत असते, हे शब्दावरून ठरत नाही. ज्याचा अपमान झाला त्याच्या मागे किती ताकद उभी आहे, त्यावरून ते ठरतं.

एक लहानसं उदाहरण उलट्या बाजूचंही देते. 'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही मालिका २००८ पासून चालू आहे. तिच्यात जेठालाल बायकोला वैतागून 'पागल औरत' म्हणायचा. ते वाक्य संहितेत नव्हतं, आपण ते ओघात घातलं होतं आणि पुढे आक्षेप आल्यावर ते बोलू नका असं सांगण्यात आलं, हे दिलीप जोशी यांनी स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं आहे. मालिका त्याने बंद पडली नाही. लोकांचं हसणं थांबलं नाही. एक शब्द गेला, आणि शब्द गेल्याने विनोद मरतो हा दावाही त्याबरोबर गेला.

नमुना १ घेऊन टीव्हीपुढे बसा

आता मी माझ्या टेबलाकडे येते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा तुम्हाला पाठ आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात हिंसेचे प्रकार सांगितले आहेत आणि त्यात शाब्दिक व भावनिक छळ आहे. अपमान करणं, टर उडवणं, हिणवणं, नावं ठेवणं, आणि विशेष करून मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून टोचून बोलणं, हे सगळं कायद्याने हिंसा आहे. संरक्षण अधिकारी घरगुती घटनेचा जो अहवाल भरतात तो नमुना १ तुम्ही पाहिलेला आहे. त्यात या छळाखाली एकेक ओळ आहे: चारित्र्यावर आरोप, हुंडा आणला नाही म्हणून अपमान, मुलगा झाला नाही म्हणून अपमान, कमीपणा आणणारं बोलणं, टिंगल, नावं ठेवणं. प्रत्येक ओळीपुढे खूण करायची.

आमच्या केंद्रात एक बाई आली होती. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील सांगत नाही. तिचा नवरा तिला टीव्हीवरच्या एका लठ्ठ पात्राच्या नावाने हाक मारायचा. मुलंही मारू लागली. मग पाहुण्यांसमोर, मग गल्लीत. तिने रात्रीचं जेवण सोडलं. समुपदेशनाला नवऱ्याला बोलावलं तर तो खरोखर चकित झाला होता. "मॅडम, मी कधी हात लावलेला नाही. गंमत करतो. तीपण पूर्वी तो कार्यक्रम बघून हसायची." मी नमुना १ काढून त्याला ती ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, "मग टीव्हीवाल्यांना का नाही पकडत?"

त्याच्या प्रश्नामागे पळवाट होती, हे मला दिसत होतं. पण पळवाट म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. घरात म्हटलं तर हिंसा आणि पडद्यावर म्हटलं तर विनोद, हे कसं? कायद्याच्या दृष्टीने याला उत्तर आहे. पडद्यावर पात्र पात्राला बोलतं, घरात माणूस माणसाला बोलतो आणि त्या बाईला चॅनल बदलता येत नाही. पण समाजाच्या दृष्टीने एवढं उत्तर पुरत नाही. टीव्ही मारायला शिकवतो असं मी म्हणत नाही. टीव्ही नव्हता तेव्हाही सासरी बाईला अवदसा आणि पांढऱ्या पायाची म्हणतच होते. टीव्ही करतो ते एवढंच की त्या शब्दांना हशा जोडून देतो. एकदा हशा जोडला की तक्रार करणारी बाई आपोआप रडी ठरते. "तुला विनोद कळत नाही" हे वाक्य म्हणजे मारून वर रडू न देण्याचा प्रकार आहे.

आमच्या बचत गटांच्या बैठकीत आम्ही एक प्रयोग करतो. विनोदी कार्यक्रमाचा एक भाग सगळ्यांनी मिळून बघायचा. प्रत्येकीच्या हातात नमुना १ मधल्या त्या ओळींचा कागद. ज्या ओळीतलं काही पडद्यावर घडेल तिच्यापुढे खूण करायची. हसू आलं तर खुशाल हसायचं, पण खूण चुकवायची नाही. भाग संपल्यावर कागद मधोमध ठेवायचे. पहिल्यांदा बायका खुसुखुसु हसतात. मग कागद बघून गप्प होतात. मग एक जण बोलते, "आमच्याकडे पण असंच..." आणि बैठक सुरू होते. नुसतं "तुमच्या घरी छळ होतो का?" असं विचारून ही बैठक कधी सुरू होत नाही.

कायदे पुढे गेले आहेत

गेल्या काही वर्षांत अपमानाच्या भाषेला कायद्याने नाव दिलं आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्धचा १९८९ चा कायदा आहेच. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात, लोकांसमोर अपंग व्यक्तीला मानहानी करण्याच्या हेतूने अपमानित करणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यातही शाब्दिक छळ शिक्षापात्र आहे.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'आंख मिचोली' या हिंदी चित्रपटाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या याचिकेवर निकाल दिला. चित्रपटातली अपंग पात्रं टिंगलीची झाली आहेत, ही तक्रार होती. न्यायालयाने दोन प्रकारांत फरक केला. अपंगत्वाबद्दलची आपली समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला आणखी पांगळं करणारा विनोद वेगळा. शब्द कोणते वापरावेत, अपंग व्यक्तींशी बोलून त्यांचं चित्रण कसं करावं, याबद्दलही न्यायालयाने मार्गदर्शन केलं. मला हा फरक फार उपयोगी वाटतो. 'अपंग' काढून तिथे 'बाई' घाला, 'दलित' घाला, 'तृतीयपंथी' घाला, तो तसाच लागू पडतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत इंटरनेटवरच्या एका विनोदी कार्यक्रमावरून देशभर गदारोळ झाला. गदारोळ कशावरून? आईवडिलांबद्दलच्या एका अश्लील प्रश्नावरून. म्हणजे परत घाण भाषा. पण विनोदी कलाकार दुर्मिळ आजाराच्या आणि अपंग माणसांची टिंगल करतात, हा मुद्दा त्या गदारोळात नव्हता. तो न्यायालयात नेला स्नायूंच्या एका दुर्मिळ आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने. त्यावर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधित कलाकारांना जाहीर माफी मागायला सांगितलं. बघा, अश्लीलतेसाठी सगळा देश धावून येतो. अपमानासाठी ज्याचा अपमान झाला त्यालाच चालत जावं लागतं.

मग हसायचंच नाही का?

हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो. बायकांच्या संघटनांना विनोदबुद्धी नसते, हे तर जुनंच. मैत्रिणींनो, आपल्याइतकं हसायची परंपरा कुणाकडे आहे? जात्यावर बसून, भोंडल्याचा फेर धरून आपल्या आज्यांनी सासरच्या माणसांची जी खिल्ली उडवली ती अजून तोंडपाठ आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. त्यातला उपरोध आज वाचला तरी पुरुषांना घाम फुटेल. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गावोगाव झालं, ते लोकांना हसवत हसवतच. तमाशातल्या गवळणीतली मावशी बघा. लुगडं नेसलेला पुरुषच असतो तो. पण मावशी कृष्णाला आणि पेंद्याला शब्दांत पकडते, त्यांची फजिती करते. हसू तिच्या बुद्धीचं असतं. आजच्या विनोदी कार्यक्रमांत पुरुष साडी नेसून आला की त्याचं चालणं, छाती आणि आवाज एवढंच पुष्कळदा हसण्याला पुरतं. लुगडं तेच, पण हसू बाईच्या बाजूने होतं ते बाईवर आलं.

म्हणून मी बंदी मागत नाही. सरकारच्या हातात कात्री दिली की ती आधी आपल्याच पथनाट्यावर चालते, हा अनुभव चळवळीला आहे. किकू शारदाची अटक हेही त्याचंच उदाहरण. शब्दांची यादी करून पाटीवर टांगणंही मला नको आहे. कारण तोच शब्द एखादी बाई स्वतःबद्दल मान वर करून वापरू शकते. मी फक्त तीन प्रश्न विचारते. हसतंय कोण? कुणाला हसतंय? आणि ज्याला हसतात त्याला त्याच पडद्यावर उलटून बोलायची सोय आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं की तो विनोद तपासायला घ्यावा.

आपण काय करायचं?

पहिलं, तक्रार करायची. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे तक्रार आधी वाहिनीकडे करायची आणि वाहिनीने ती पंधरा दिवसांत निकाली काढायची. समाधान झालं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत प्रसारकांच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील करायचं. तक्रारीत "संस्कृती बुडाली" असं लिहू नका. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, नेमकं वाक्य, आणि त्या वाक्याने कुणाचा अपमान होतो ते लिहा. संस्कृतीच्या नावाने तक्रार करायला दुसरे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या यादीत उद्या आपणही असू.

दुसरं, चांगल्याला चांगलं म्हणायचं. मराठी विनोदी कार्यक्रमांत आज दमदार स्त्री कलाकार आहेत. नवऱ्याची, पुढाऱ्याची, सासूची आणि स्वतःचीही फजिती करून त्या सभागृह हलवतात. असा प्रवेश पाहिला की दोन ओळी वाहिनीला लिहा. वाहिनीला फक्त आकडे कळतात. कौतुकाची पत्रंही आकड्यात मोजली जातात.

तिसरं जरा कडू आहे. आपल्या मोर्चातल्या घोषणा आठवा. काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला आपण बांगड्यांचा आहेर करतो. का? बांगडी म्हणजे दुबळेपणा म्हणून? हातात बांगड्या घालून ऊस तोडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या आणि त्याच मोर्चात पुढे चालणाऱ्या बायकांसमोर आपण असं म्हणतो. सरकारला आपण आंधळं, बहिरं, नपुंसक म्हणतो. मोर्चात काठी टेकत आलेली आपली अंध मैत्रीण ती घोषणा कशी देत असेल? टाळ्या मिळतात, छायाचित्र छापून येतं, हे खरं. विनोदी कार्यक्रमांचे लेखकही अगदी हेच कारण सांगतात.

आता जेवणाची सुट्टी आहे. त्यानंतर गटचर्चेत प्रत्येक गटाला नमुना १ च्या ओळींचा कागद आणि आपल्याच गेल्या वर्षीच्या मोर्चांच्या घोषणांची यादी मिळेल. टीव्हीच्या आधी ती यादी तपासूया. ज्या घोषणेपुढे खूण पडेल तिच्या जागी नवी घोषणा लिहायची आहे. तिच्यात धार हवी, आणि जमलं तर हसूही हवं. नव्या घोषणा संध्याकाळी इथेच सगळ्यांनी मिळून म्हणून बघू.